आफ्रिकन बालहक्क समितीकडे सरकारविरुद्ध तक्रार

सरकारमुळं मुलांच्या हक्कांवर गदा आली आणि देशातली कोर्टं काही करेनात, तर आफ्रिकेत त्या मुलांच्या वतीने दाद मागायची एक वेगळी जागा आहे, ती म्हणजे आफ्रिकन युनियनची बालहक्क समिती. पूर्ण नाव लांबलचक आहे, मुलांचे हक्क आणि कल्याण यासाठीची आफ्रिकन तज्ज्ञ समिती. सदस्य ११, सगळे वेगवेगळ्या देशांतले, पण आपापल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून नाही तर स्वतःच्या जाणकारीवर निवडलेले. ही समिती ज्या सनदेवर, म्हणजे आफ्रिकन देशांनी मुलांच्या हक्कांसाठी केलेल्या करारावर, उभी आहे ती ११ जुलै १९९० ला अदिस अबाबात मंजूर झाली, पुरेशा देशांनी मान्यता द्यायला नऊ वर्षं लागली आणि २९ नोव्हेंबर १९९९ ला ती लागू झाली, मग २००१ मध्ये पहिली समिती निवडली गेली. ऑफिस आधी अदिस अबाबातच होतं, आता लेसोथोची राजधानी मसेरूमध्ये आहे. फक्त मुलांसाठीच असलेली प्रादेशिक तक्रार व्यवस्था जगात ही एकच. युरोप आणि अमेरिका खंडात मुलांच्या केसेस मोठ्यांच्याच मानवाधिकार कोर्टात चालतात.

सनद युनोच्या १९८९ च्या बालहक्क करारानंतर वर्षभरातच आली, पण ती त्याची नक्कल नाही. युनोच्या करारात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, पण देशाच्या कायद्याने आधीच सज्ञान ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी अशी एक फट आहे. आफ्रिकन सनदेत ती फटच नाही, १८ म्हणजे १८. तसंच लढाईत मुलांना उतरवण्याचं, युनोच्या मूळ करारात त्यासाठी १५ ची रेषा होती, सनदेने ती सरळ १८ वर नेली. बालविवाहाला तर स्पष्ट नाव घेऊन बंदी आहे, मुलगी असो वा मुलगा.

तक्रारीचं कलम ४४ वे. तक्रार कोणीही करू शकतं, एखादी व्यक्ती, लोकांचा गट, मान्यता असलेली एनजीओ, आफ्रिकन युनियनचा सदस्य देश, अगदी युनोसुद्धा. आई-बापांनीच यायला पाहिजे असं नाही आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण कित्येकदा आई-बाप हयात नसतात, घाबरलेले असतात, किंवा त्यांनीच मुलाला कुठंतरी पाठवलेलं असतं. प्रत्येक मुलाचं नाव लिहावं लागतं असंही नाही, एका अख्ख्या समाजाच्या मुलांसाठी एकच तक्रार चालते. तक्रारदाराने मात्र आपलं नाव द्यायचं, निनावी पत्र चालत नाही, पण ओळख जाहीर करू नका अशी विनंती करता येते. समोरचा देश सनद मान्य केलेला असावा लागतो, आफ्रिकन युनियनच्या ५५ पैकी बहुतेकांनी ती केलेली आहे, पण इजिप्तने मान्यता देतानाच कलम ४४ आपल्याला लागू नाही असं लिहून दिलं होतं, म्हणजे सनद हवी पण तक्रार नको.

आता खरी अडचण. या समितीकडे थेट जाता येत नाही, आधी देशातले सगळे कायदेशीर मार्ग वापरून झालेले पाहिजेत. ही अट युरोपात पण आहे, अमेरिका खंडातही आहे, आणि तिच्यामागचा विचार चूक नाही, आधी घरच्या कोर्टाला चूक सुधारायची संधी द्यायची. पण मोठ्या माणसाच्या केसला दहा वर्षं लागली तर तो निदान दहा वर्षांनी तोच माणूस असतो, मुलाचं तसं नाही, दहा वर्षांत ते मूलच राहत नाही. शाळेचं वय गेलं, लसीचं वय गेलं, मग निकाल बाजूने लागून करायचं काय? म्हणून अपवाद ठेवलाय, देशातला मार्ग नुसता कागदावर असेल किंवा विनाकारण लांबत चालला असेल तर समिती तक्रार घेते. किती लांबलं म्हणजे फार लांबलं, हे समितीने आपल्या पहिल्याच निकालात सांगितलं.

ती केस केनियातल्या न्युबियन मुलांची. न्युबियन म्हणजे मूळचे सुदानकडचे लोक, ब्रिटिशांनी आपल्या वसाहतीच्या फौजेत भरती करून शंभरेक वर्षांपूर्वी केनियात आणलेले, नैरोबीचा किबेरा भाग ही त्यांची जुनी वस्ती. ब्रिटिश गेले, हे लोक तिथंच राहिले, आणि स्वतंत्र केनियाने त्यांना कधी नीट आपलं म्हटलंच नाही. आई-वडिलांकडे ओळखपत्र नाही म्हणून बाळाच्या जन्माची नोंद होताना अडवणूक, नोंद झाली तरी तिच्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, आणि १८ पूर्ण झाल्यावर ओळखपत्र मागायला गेलं की इतर बहुतेक केनियन पोरांना जे करावं लागत नाही ते यांना करावं लागायचं, खास चौकशी समितीपुढं उभं राहून तू इथलाच कशावरून याची उत्तरं द्यायची. म्हणजे जन्मापासून १८ वर्षं मुलानं कोणत्याच देशाचं नाही अशा अवस्थेत काढायची आणि पुढचंही नक्की नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या वस्तीत शाळा आणि दवाखाना पण नावापुरताच असतो, हे समितीपुढं मांडलेल्या माहितीतून दिसलंच.

न्युबियन समाजाने २००३ मध्ये केनियाच्या हायकोर्टात केस टाकली होती, ती पुढं सरकेचना. २००९ मध्ये दोन संस्थांनी, एक आफ्रिकेतल्याच मानवाधिकार वकिलांची आणि दुसरी ओपन सोसायटी जस्टिस इनिशिएटिव्ह, समितीकडे तक्रार केली. २२ मार्च २०११ ला निकाल आला. त्यातलं एक वाक्य मला फार मोठं वाटतं. समितीने म्हटलं की मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष म्हणजे त्याच्या बालपणाचे जवळजवळ सहा टक्के. साधा भागाकार आहे, १०० ला १८ ने भागा, साडेपाचच्या वर येतं, पण कायद्याच्या निकालात हा हिशोब लिहिल्यावर सगळं चित्रच फिरतं, कारण मग तारखांवर तारखा देणं हा नुसता उशीर राहत नाही, तोच हक्कभंग होतो. हायकोर्टातली केस प्रलंबित असूनही समितीने तक्रार दाखल करून घेतली आणि सांगितलं की नाव, जन्मनोंद आणि नागरिकत्व हे मुलाला जन्मापासून मिळायचे हक्क आहेत, १८ पर्यंत थांबा म्हणणं चालणार नाही. भेदभाव झाला हेही मान्य केलं, आणि त्याच्यामुळं शिक्षण आणि आरोग्याचा हक्कही गेला हेसुद्धा. सहा महिन्यांत काय केलं ते कळवा असं केनियाला सांगितलं. पुढं २०१४ मध्ये समितीने याच कलमावर, म्हणजे नाव, जन्मनोंद, नागरिकत्व यावर, सगळ्या देशांसाठी सविस्तर मार्गदर्शन काढलं.

पण इथं समितीचीही दुसरी बाजू लिहायलाच हवी. तिच्याकडे आलेली पहिली तक्रार ही नव्हतीच, पहिली होती उत्तर युगांडातल्या मुलांची, प्रिटोरिया विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्रातून २००५ मध्ये आलेली. तिचा निकाल लागला एप्रिल २०१३ मध्ये. आठ वर्षं! सहा टक्क्यांचा हिशोब इथं लावला तर तक्रार आली तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर निकालाच्या वेळी अठराचं झालेलं, म्हणजे सनदेच्या व्याख्येबाहेर गेलेलं. निकालात समितीने युगांडाला सैन्यातल्या मुलांबद्दल दोषी धरलं, बाकीचे आरोप मात्र टिकले नाहीत. समितीची बैठक वर्षातून दोनदा, माणसं कमी, पैसा कमी, ही कारणं खरी आहेत, पण मुलाला त्याचा काय उपयोग.

दुसरा प्रश्न जो जवळजवळ प्रत्येक केसमध्ये येतो, सरकार म्हणतं हे आम्ही नाही केलं, कोणा खाजगी माणसाने केलं. सेनेगलची केस याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तिथं 'दारा' नावाच्या कुराण शाळांमध्ये खेड्यातली लहान पोरं शिकायला पाठवतात, त्यांना तालिबे म्हणतात, आणि काही दारांचे मास्तर या पोरांना रोज रस्त्यावर भीक मागायला लावतात, ठरलेली रक्कम आणली नाही की मार. तक्रारीत अशी एक लाखापर्यंत मुलं असल्याचं म्हटलं होतं, बरीचशी ४ ते १२ वयाची. सेनेगलमध्ये मुलांना भीक मागायला लावण्याविरुद्ध २००५ पासून कायदा होता पण तो वापरायचाच नाही असं चाललेलं. २०१४ च्या निकालात समितीने साफ सांगितलं की कायदा करून तुमचं काम संपत नाही, तो अंमलात आणला नाही तर जबाबदार सरकारच. मॉरिटानियाच्या केसमध्ये तर दोन भाऊ जन्मापासून गुलाम होते, हो, गुलाम, या शतकात. ते निसटले, मालकावर खटला झाला, गुलामीविरोधी कायद्यात पाच ते दहा वर्षांची शिक्षा असताना २०११ मध्ये त्याला फक्त दोन वर्षं दिली आणि काही महिन्यांत तो जामिनावर बाहेरही आला. अपील रखडलं, तक्रार समितीकडे गेली, २०१७ मध्ये समितीने सरकारला जबाबदार धरलं. कॅमेरूनमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि तपास नीट झालाच नाही, तिथं २०१८ मध्ये समितीने पाच कोटी सीएफए फ्रँक (तिथलं चलन) भरपाई द्यायला सांगितली.

सगळंच भांडून होतं असं पण नाही, कधी तडजोड जास्त लवकर काम करते. मलावीच्या राज्यघटनेत मूल म्हणजे १६ वर्षांखालचं असं लिहिलेलं होतं, त्यामुळं १६-१७ ची पोरं सरळ संरक्षणाबाहेर. २०१४ मध्ये तक्रार झाली, सरकारने चूक मान्य केली, २०१६ मध्ये समितीसमोर समझोता झाला आणि २०१७ मध्ये घटनादुरुस्ती करून १८ केलं. तीन वर्षांत देशाची घटना बदलली, या समितीच्या कामातलं मला सगळ्यात समाधानाचं वाटणारं प्रकरण हे.

न पाळल्यास काय, हा प्रश्न येणारच. समितीचा निकाल हा कोर्टाचा हुकूम नाही, ती शिफारस करते, अहवाल मागवते, पाहणीला माणसं पाठवते, अंमलबजावणीवर सुनावणी घेते, आणि आफ्रिकन युनियनच्या वरच्या बैठकांत विषय मांडते, पण पोलिस किंवा जप्ती तिच्या हातात नाही. आफ्रिकन मानवाधिकार कोर्ट वेगळं आहे, टांझानियातल्या अरुशाला, आणि त्याचे निकाल बंधनकारक असतात, पण ते कोर्ट स्थापन करणाऱ्या करारात कोण केस आणू शकतं त्या यादीत या समितीचं नावच नाही. समितीने कोर्टाला विचारलं की आम्ही येऊ शकतो का, २०१४ मध्ये कोर्टाने सल्ला दिला की असायला हवं होतं पण कराराच्या शब्दांत बसत नाही. ही चूक दुरुस्त व्हायला पाहिजे, खरंच. संस्थांना थेट त्या कोर्टात जायचं तर देशाने तशी वेगळी परवानगी दिलेली लागते, मालीने दिलेली होती म्हणून ११ मे २०१८ ला तिथला कौटुंबिक कायदा, ज्यात मुलीचं लग्नाचं वय १६ होतं आणि मुलांचं १८, कोर्टाने सनदेविरुद्ध ठरवला. पण रवांडा, टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट यांनी अशी परवानगी दिली आणि नंतर काढून घेतली. टांझानियातल्या गरोदर मुलींना शाळेतून काढण्याची तक्रार समितीकडेच आली. २०२२ मध्ये समितीने जबरदस्तीच्या प्रेग्नन्सी टेस्ट आणि शाळेतून काढणं दोन्ही हक्कभंग ठरवले. सरकारने त्या मुलींना शाळेत परत घेण्याचं आधीच, २०२१ च्या शेवटी, जाहीर केलं होतं.

बाकी खंडांचं थोडक्यात. अमेरिका खंडात दोन पायऱ्या आहेत, आधी वॉशिंग्टनमधला मानवाधिकार आयोग, मग कोस्टारिकातलं सान होजेचं कोर्ट, आणि पीडिताला थेट कोर्टात जाता येत नाही. तिथली सगळ्यात गाजलेली केस ग्वाटेमालाच्या रस्त्यावरच्या मुलांची, १९९० मध्ये पोलिसांनी मारलेल्या पाच पोरांची, त्यातली तीन अल्पवयीन, निकाल १९९९ मध्ये. युरोपात स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टात मूल स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतं, देशातल्या शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत, आणि निकाल बंधनकारक. चेक प्रजासत्ताकाच्या ओस्त्रावा शहरातल्या रोमा (जिप्सी) समाजातल्या मुलांना मतिमंदांच्या शाळेत ढकलल्याची केस २००७ मध्ये तिथं आकडेवारीच्या जोरावर जिंकली गेली.

आशियात असं काहीच नाही. आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचा मानवाधिकार आयोग २००९ पासून आहे पण तक्रारीवर निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही. सार्कने २००२ मध्ये काठमांडूत बालकल्याणाचा करार केला, त्यात तक्रारीची सोय ठेवलीच नाही. भारताने युनोचा बालहक्क करार १९९२ मध्ये स्वीकारला, पण मुलांना थेट जिनिव्हातल्या युनोच्या बालहक्क समितीकडे तक्रार करता येण्यासाठी जो जादा करार २०१४ पासून लागू आहे त्यात भारत नाही. त्यामुळं आपल्याकडे नाशिकच्या आश्रमशाळेतल्या किंवा मडगावच्या बालगृहातल्या मुलाची तक्रार २००५ च्या कायद्याखाली राज्य बालहक्क आयोगाकडे जाते, आयोग चौकशी करतो, साक्षीदाराला बोलावू शकतो, सरकारला शिफारस करतो, आणि गरज पडली तर हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टानंतर त्या मुलाला दाद मागायला पुढं कुठलंच दार नाही.