टेबलावर ठेवलं म्हणजे नेमकं काय केलं?

‘टेबल’चे अनेक अर्थ आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पाढे म्हणजे टेबल्स, वेळापत्रक म्हणजे टाइमटेबल, भूजलाची पातळी म्हणजे वॉटर टेबल. पाचगणीला जाऊन आलेल्याला तर टेबललँड सांगायलाच नको. मूळ लॅटिन ‘टाब्युला’, म्हणजे फळी किंवा लिहायची पाटी. फळीचं जेवणाचं टेबल झालं, पाटीची कोष्टकं झाली. औषधाची टॅब्लेटही याच घरातली.

गुंता आहे तो क्रियापदात. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला आणला. अमेरिकेत ‘टेबल’ केला म्हणजे बाजूला सारला. दोन्हींमागची कल्पना एकच, सभागृहातलं टेबल. त्यावर ठेवलेला कागद सर्वांसमोर आला असं म्हणता येतं, आणि नुसता पडून राहिला असंही. लंडनमध्येसुद्धा एखादा अर्ज ‘टेबलावर राहू द्या’ असा आदेश निघे, तेव्हा पुढे काही करायचं नाही हेच अभिप्रेत असे. अमेरिकेने हा दुसरा अर्थ उचलला. तिथल्या एका लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये सभासंचालनाचे नियम छापले. त्यात ही सोय तात्पुरती होती: तातडीचं काम आलं तर हातातला विषय ठेवायचा, मग बहुमताने पुन्हा घ्यायचा. अमेरिकी संसदेत मात्र अशी सूचना मंजूर झाली की विषय सहसा तिथेच संपतो, आणि त्या सूचनेवर चर्चाही होत नाही. विषय मारायचा आणि नाव ठेवण्याचं द्यायचं, असा हा मामला. तरी वाटाघाटींत हेच लोक ‘सगळे पर्याय टेबलावर आहेत’ म्हणतात, तेव्हा अर्थ बरोबर उलटा!

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद ‘टेबल’ करू म्हटलं आणि अमेरिकी सहकारी अडून बसले. बराच कडाक्याचा वाद झाल्यावर कळलं, की दोघांनाही तो विषय लगेच घ्यायचा होता. हा किस्सा तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानांनीच आठवणींत नोंदवला आहे.

भारताने ब्रिटिश वळण घेतलं. राज्यघटनेच्या कलम १५१ मध्ये लेखापरीक्षण अहवाल सभागृहासमोर ठेवायला सांगितलं आहे. तिथे टेबलाचा उल्लेख नाही. पण कामकाजाच्या भाषेत टेबल आलं आणि त्याचं ‘पटल’ झालं. ही निवड मला कधीच पटली नाही. पटल म्हणजे पडदा, आवरण. दृष्टिपटल, मध्यपटल हे शब्द पाहा. जे उघड करायचं, तेच आपण आवरणावर ठेवतो! ‘सभागृहासमोर ठेवला’ हे साधं मराठी हाताशी होतंच.

याची खरी अडचण होते ती अमेरिकेच्या बातम्या मराठीत आणताना. तिथलं ‘टेबल’ झालेलं विधेयक इथे ‘पटलावर मांडलं’ जातं. अशा वेळी ‘बारगळलं’ लिहावं.