मण्यांची पाटी घरी नेल्यावर

पाटीवर तारेत ओवलेले दहा लाकडी मणी आहेत. ठरलेलं काम झालं की मुलानं स्वतःच्या हातानं एक मणी उजवीकडे सरकवायचा. दहा झाले की बक्षीस.

आधी काम एकच ठरवा, आणि तेही डोळ्यांना दिसणारं. ‘शहाण्यासारखं वाग’ यातून पाच वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. ‘शाळेतून आल्यावर रेनकोट पडवीतल्या खुंटीला लावायचा’ हे कळतं. त्यानं तो लावला, खाली पाणी ठिबकतंय, तेव्हाच मणी सरकू द्या आणि सांगा, “आपणहून लावलास, घरात चिखल नाही आला.” बाबा संध्याकाळी आल्यावर दिलेला मणी कशाचा, हे तोवर मूल विसरलेलं असतं.

बक्षीस महाग नको. आजीकडून रात्री एक जास्तीची गोष्ट, किनाऱ्यावर एक फेरी, किंवा रविवारी कुठलं कालवण करायचं ते मुलानं ठरवायचं. खाजा चालेल, पण रोज नको. एस.टी. स्टँडवर लोळण घेतल्यावर गप्प करायला दिलेला खाजा मात्र लोळण घ्यायलाच शिकवतो.

भांडण झालं म्हणून मिळवलेला मणी परत घेऊ नका. तो त्याच्या कष्टाचा आहे. गणपतीत मुंबईहून काका-आत्या आले, तरी पाटीचा नियम तोच राहू दे. त्यांनाही तो आधीच सांगून ठेवा.

आणि जे मूल आवडीनं करतं, त्याला पाटी लावू नका, ही आमची कळकळीची विनंती. माझी लेक अंगणात खडूनं होड्या काढायची. मी चित्रामागे पाच रुपये देऊ लागलो. होड्या घाईघाईत उरकू लागल्या आणि पैसे थांबले तेव्हा खडूही थांबला. अमेरिकेत 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच प्रशस्तिपत्र कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नाही.

दोन-तीन आठवड्यांत रेनकोट न सांगता खुंटीला जाऊ लागला, की मणी रोज नको, अधूनमधून द्या. मग नुसती शाबासकी. पाटी काही दिवस माळ्यावर ठेवा आणि पुढच्या सवयीला काढा.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर पाटी त्याच्या हाताला लागू देऊ नका. तार सैल झाली तर घेऊन या, मणी निघायच्या आत आम्ही ती फुकट आवळून देऊ.