नव्याने आणलेल्या गोल्डफिशचे आजारपण

गोल्डफिश (सोनमासा) दुकानातून घरी आल्यावर पहिल्या महिन्याभरात त्याला होणारे त्रास, ते ओळखण्याच्या खुणा आणि त्यांवरचे उपचार यांविषयीची ही नोंद आहे. ती नागपूरचे हवापाणी समोर ठेवून लिहिली आहे, कारण इथला उन्हाळा, इथल्या हिवाळ्यातल्या रात्री आणि नळाचे पाणी या तिन्हींचा या माशाच्या तब्येतीशी थेट संबंध येतो. पहिल्या पंधरवड्यात दगावणारे बरेच मासे पाण्यापायी जातात आणि रोगाचे नाव उगाच पुढे होते. औषधाची बाटली उघडण्याआधी पाणी तपासले, तर त्यांतले कितीतरी वाचतील.

गोल्डफिश हा रोहू आणि कटल्याचा कुळबंधू, सिप्रिनिडी कुळातला. शास्त्रीय नाव कॅरॅशियस ऑरॅटस. चीनमध्ये हजारावर वर्षांपासून निवडक पैदास करून त्याला हे रंग आणि आकार आणले गेले. तो मुळात थंड पाण्याचा मासा असून १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. त्याला जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते, त्यामुळे तो सारखा खातो आणि सारखी घाणही करतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. ‘गोल्डफिश काही टिकत नाही’ असे घरोघरी म्हणतात, पण त्यात माशाचा दोष नाही. चार लिटरच्या गोल काचेच्या भांड्यात कोणताही गोल्डफिश टिकणार नाही. एका माशाला निदान ७५-८० लिटर पाणी लागते.

दुकानात येण्याआधी या माशाचा मोठा प्रवास झालेला असतो. शोभेच्या माशांची पैदास कोलकाता आणि चेन्नई परिसरात मोठ्या प्रमाणावर होते, आणि दोन्ही शहरे नागपूरपासून १,००० किलोमीटरहून लांब आहेत. बंद पिशवीत मासा श्वास घेत राहतो तसा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचे माप) खाली येतो. त्याच वेळी अमोनियाही वाढत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून घरी आणल्यावर पिशवी उघडी ठेवून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नये. बंद पिशवी वीसेक मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळले की मासा अलगद उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

नव्या टाकीत दुसरे संकट उभे असते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. जुन्या टाकीच्या फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू नसतातच, ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी विकत घेतली आणि संध्याकाळी मासे सोडले, तर पुढचा महिना मासे स्वतःच्याच घाणीत राहतात. नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. ज्याच्याकडे जुनी, निरोगी टाकी आहे अशा ओळखीच्या माणसाकडून वापरलेल्या स्पंजचा एक तुकडा मिळाला, तर हा महिना बराच सुकर होतो.

नागपूर आणि पाणी

शहराला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते, आणि त्यात क्लोरीन असतो. नळाखाली बादली भरून एकदम सगळे पाणी बदलले की क्लोरीनने कल्ले पोळतात, मासा सैरावैरा पळतो आणि अंगावर चिकट पापुद्रा येतो. पाणी एक दिवस उघड्यावर एअर पंप लावून ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे औषध वापरावे. बोअरचे पाणी जड असते. ते गोल्डफिशला चालते, फक्त नळाच्या पाण्यावरून बोअरवर एका दिवसात जाऊ नये. कूलरच्या टाकीतले पाणी कधीही वापरू नये, कारण डासांसाठी त्यात काय टाकले होते ते कोणालाच आठवत नसते. डासांचा फवाराही टाकीच्या खोलीत मारू नये.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा घरातली टाकीही सहज ३२-३३ अंशांवर पोचते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांच्या पाण्यात ७.३ मिलिग्रॅमच्या आसपास. इकडे माशाची गरज मात्र वाढलेली असते. पीएच ७ आणि २० अंशांना एकूण अमोनियापैकी साधारण ०.४ टक्का विषारी असतो. पीएच ८ आणि ३० अंशांना तोच भाग साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे मोजणीत तेवढाच दिसणारा अमोनिया जानेवारीत सोसला जातो आणि मेमध्ये मासा मारतो. दुपारी वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. झाकण काढून पाण्यावर पंखा सोडल्याने दोन-तीन अंश उतरतात. कूलरच्या खोलीत टाकी ठेवणे त्याहून बरे. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, गोठवलेली बाटली तरंगत ठेवावी आणि तीही थोडा थोडा वेळ.

निदान

निदानाचे पहिले साधन म्हणजे अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासण्याचा थेंबांचा संच. अमोनियाच्या नळीत रंग पिवळा राहिला तर ठीक, हिरवट झाला की कारण हाती लागले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. नसतील तर आधी क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे, खाणे बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही. हे ऐकून घरातल्या लहानग्यांचा जीव तुटतो, पण त्यांना समजावून सांगावे.

सगळे मासे एकाच वेळी वर येऊन तोंड उघडमिट करत असतील तर संशय पाण्यावर घ्यावा. एकच मासा परांची घडी घालून कोपऱ्यात बसला असेल तर त्याच्याकडे जवळून पाहावे. दगडावर अंग घासत असेल तर परजीवी असण्याची शक्यता आहे.

पांढरे ठिपके हा नव्या माशांचा सगळ्यात ओळखीचा आजार. रव्याचे कण अंगावर, शेपटीवर भुरभुरावेत तसे ते दिसतात. इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय जीव कातडीखाली वाढतो, मग सुटून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. कातडीखाली असेपर्यंत त्याला औषध शिवत नाही. ते मारते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गळाले की उपचार थांबवणे ही मोठीच चूक ठरते, शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तो चालू ठेवावा. २५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात लांबते, आणि ३० अंशांपुढे या जीवाची वाढ खुंटते. त्यामुळे नागपुरात त्याचा खरा हंगाम थंडीचा, जेव्हा दिवसाचे आणि रात्रीचे पाणी सारखे वर-खाली होते.

मात्र ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर, ओळीने, टोकदार आणि खरखरीत असतील तर थांबावे. ते वयात आलेल्या नराचे विणीच्या काळातले उंचवटे असतात. असा धडधाकट नर अंगावर औषधे सोसत राहतो, हे पाहवत नाही.

कॉलम्नॅरिस हा जिवाणूजन्य रोग उलट उन्हाळ्याचा. तोंडाभोवती किंवा पाठीवर मळकट पांढरा, कापसासारखा थर दिसतो आणि लोक त्याला बुरशी समजतात. इथे पाणी गरम केले तर मासा लवकर जातो. कल्ल्यांवरचे आणि कातडीवरचे सूक्ष्म चपटे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा चिकट द्रव पाहिला तरच खात्री होते. त्यांवर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक चालते, पण कल्ल्यांवरच्या जातीच्या अंड्यांवर नाही, म्हणून ते पुन्हा द्यावे लागते. अंगातून दोऱ्यासारखे लोंबणारे ‘अँकर वर्म’ मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतात. अमोनियाची जखम भरताना परांवर येणारा काळा रंग हे बरे होण्याचे लक्षण आहे.

उपचार

घरात असावे असे पहिले औषध म्हणजे मीठ: जाडे, काहीही न मिसळलेले. पाण्याच्या २० लिटरच्या कॅम्परइतक्या पाण्यात ६० ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. ते तीन भागांत, बारा-बारा तासांनी, आधी मगभर पाण्यात विरघळवून घालावे. पांढऱ्या ठिपक्यांवर आणि बऱ्याच बाह्य परजीवींवर ते उपयोगी पडते, आणि याहून कितीतरी कमी मीठही नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही. मीठ हवेत उडत नाही. उन्हाळ्यात आटलेले पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घातले तर मात्रा नकळत चढते. टाकीतल्या वनस्पती आधी काढून घ्याव्यात.

अँटिबायोटिकची पुडी अंदाजाने टाकीत सोडणे थांबायला हवे. टेट्रासायक्लिन जड पाण्यात कॅल्शियमशी बांधले जाऊन निकामी होते. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना त्यातून धक्का बसला की अमोनिया वाढतो, तो वेगळाच. फुगवटा येऊन खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले असतील तर मूत्रपिंडे बहुधा निकामी झालेली असतात. मासा वाचण्याची आशा थोडी असते आणि तसे घरच्यांना स्पष्ट सांगावे. गोलमटोल जातींचा मासा उलटा तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास, मग तरंगते दाणे बंद करून उकडलेला, साल काढलेला मटार द्यावा.

नागपूरला एक सोय आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना २०००) मुख्यालय इथेच असून त्याची पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञान अशी दोन्ही महाविद्यालये शहरात आहेत. मासा जिवंत असताना त्याच्याच टाकीतल्या पाण्यात नेला तर तपासणी उत्तम होते, सोबत टाकीच्या पाण्याची वेगळी बाटली न्यावी. मेला असेल तर बर्फावर ठेवून काही तासांत पोचवावा. फ्रीजरमध्ये गोठवला की पेशी फुटतात आणि पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही.

जुने मासे असतील तर नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने सांभाळावा. हातावर जखम असेल तर आजारी टाकीत हात घालू नये, माशांतला क्षयासारखा एक जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो. आजारी किंवा नकोसा मासा शहरातल्या फुटाळा वा अंबाझरी तलावात सोडू नये, रोग तिथल्या रोहू-कटल्यापर्यंत जाऊ शकतो. सगळे मासे गेले असतील तर टाकी उपसू नये आणि धुऊनही काढू नये. पंप चालू ठेवून दोन-तीन आठवडे ती माशांविना ठेवावी, रोज चिमूटभर खाद्य टाकावे. माशावाचून पांढऱ्या ठिपक्यांचा जीव तेवढ्या काळात मरतो आणि फिल्टरमधले जिवाणू त्या चिमटीवर तगून राहतात.