विचारल्याने विचार येत नाही

"त्याला असलं काही विचारू नकोस गं, डोक्यात नसलेलं भरेल." मुलगा धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, तरी या भीतीपोटी घर गप्प राहतं. आत्महत्येबद्दल विचारलं की तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शाळकरी मुलांवर ती तपासली गेली. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. विचारल्याने असे विचार वाढले नाहीत. आधीच खचलेली मुलं तर, न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा कमी अस्वस्थ दिसली!

टीव्ही बंद करा, शेजारी बसा, सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का रे?" हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. ऐका, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.