कोविड काळातील शालेय शिक्षणाची फेरउभारणी (महाराष्ट्र)

मार्च 2020मध्ये बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू करणे आणि मधल्या काळात सुटलेला अभ्यास भरून काढणे यांसाठी शिक्षण विभाग, आरोग्य यंत्रणा, ग्रामपंचायती आणि पालक यांनी मिळून केलेले काम.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवरून पोहोचवली. जुलै 2020पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागू लागली. 2020-21चा अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी झाला. घरात एकच फोन, तोही वडिलांसोबत कामावर जाणारा, अशा मुलांपर्यंत यातले फार थोडे पोहोचले. तिथे शिक्षकच वस्तीवर गेले. कुणाच्या ओट्यावर, कुठे देवळात चार-पाच मुलांचे गट बसले. सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पोर वही घेऊन भिंतीसमोर उभे राही, उतरवून घेई आणि पुढच्या घराकडे जाई. याच शिक्षकांना कोविड सर्वेक्षणाचीही ड्युटी होती, हे विसरता कामा नये.

समन्वयाचा सर्वांत ठोस प्रयोग जुलै 2021चा. कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे की नाही, हे ठरवण्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पालकांशी चर्चा करून ठराव घेण्याची मुभा गावाला मिळाली. सगळ्या राज्याला एकच तारीख लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे होते. गावात रुग्ण आहे की नाही, हे गावालाच आधी कळते. 4 ऑक्टोबर 2021पासून ग्रामीण भागात पाचवीपासून, तर शहरांत आठवीपासून शाळा भरू लागल्या.

सुटलेल्या अभ्यासासाठी 1 जुलै 2021पासून दुसरी ते दहावीला 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम होता. मागच्या इयत्तेचा पाया आधी पक्का करायचा, हा त्यातला विचार बरोबर होता; मुदत मात्र तोकडी पडली आणि बहुतेक शाळा तेव्हा बंदच होत्या.

सर्वाधिक झळ लहानग्यांना बसली. जून 2022मध्ये तिसरीत आलेल्या मुलाने पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. दुसरीचा डिसेंबर 2021मध्ये उघडून जानेवारीत पुन्हा बंद झाला. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले देशाच्या ग्रामीण भागात 2018मध्ये 27.3 टक्के होती, 2022मध्ये 20.5 टक्के उरली. अंगणवाडीही नीट न मिळालेल्या मुलांसाठी 2022च्या उन्हाळ्यात ‘पहिले पाऊल’ अभियानातून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले. तिथे आयांना गटागटाने बसवून, मुलांकडून घरी काय करून घ्यायचे ते दाखवले जाई.