टायगरफिशची झेप आणि अपवर्तनाचा घोळ

उडत्या पक्ष्याला हवेतच गट्टम करणाऱ्या माशाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, की ‘एआयनं बनवलाय’ म्हणून आपण मोकळे होतो. एरवी ही शंका घेण्याची सवय चांगलीच, पण आफ्रिकी टायगरफिशच्या बाबतीत ती फसते. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात, मापुंगुब्वे भागातल्या श्रोडा धरणावर संशोधकांनी २०११ साली हा प्रकार कॅमेऱ्यात पकडला आणि २०१४ मध्ये शोधनिबंधात मांडला. बळी जात होत्या माळभिंगऱ्या. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीनं बसतात, त्याच जातीच्या. दिवसाला वीसपर्यंत, असा संशोधकांचा अंदाज.

चंदेरी अंगावर काळ्या रेघा आणि तोंड मिटलं तरी बाहेर दिसणारे सुळे, असा हा मासा. काँगो नदीतला त्याचा भाऊबंद, गोलायथ टायगरफिश, दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या नावावर ‘राक्षसी मासा’ वगैरे कार्यक्रम खपवले जातात. ते सोडून देऊ. खरी गंमत प्रकाशाच्या अपवर्तनात, म्हणजे हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो त्यात आहे.

हे वाकणं किती, ते सांगणारा पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. त्यामुळे बाहेरचं अख्खं आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, माशाला डोक्यावरच्या जेमतेम ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. झरोक्याच्या कडेला सगळं चेपलेलं. स्तंभिकेपासून, म्हणजे पाण्यावरच्या सरळ उभ्या रेषेपासून, ६० अंशांवर उडणारी भिंगरी त्याला ४१ अंशांवर, म्हणजे आहे त्यापेक्षा बरीच वर दिसते. दिसते तिथं झेप घेतली, तर तोंडात नुसती हवा! हाच कोन १० अंशांचा असेल, तर चूक जेमतेम अडीच अंशांची. आणि पक्षी बरोबर डोक्यावर आला, की दिशेची चूक शून्य. उंची मात्र तेव्हाही फसवी असते: पृष्ठभागापासून ३० सेंटीमीटरवरची भिंगरी ४० सेंटीमीटरवर असल्यासारखी भासते.

श्रोडातले मासे शिकार दोन तऱ्हांनी करत. काही पृष्ठभागालगत भिंगरीचा पाठलाग करून मग उसळी घेत. काही अर्धा मीटर किंवा त्याहून खोल पाण्यातून थेट वर झेपावत. गणित मांडलं तर दोन्हींत फायदा आहे, असं मला वाटतं. पाठलाग करत पक्ष्याच्या खाली पोचलं की कोन आपोआप लहान होतो; खालून सरळ वर सुटलं तर तो मुळातच लहान असतो. उंचीचा अंदाज थोडा जास्त निघाला तर झेप जरा लांब जाईल इतकंच, वाटेत भिंगरी आहेच.