छोटा डीह्युमिडिफायर : टाकीत पाणी का जमत नाही?

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत जमवणारं मशीन. आमच्याकडून ते नेऊन आठ दिवस झाले की फोन येतो, पंखा फिरतोय, लाइट लागतोय पण टाकीत पाणी म्हणाल तर चमचाभर, मशीन खराब आहे, बदलून द्या. परत आलेलं मशीन आम्ही आमच्याकडे बंद जागेत लावून बघतो आणि बहुतेक वेळा ते व्यवस्थित पाणी काढतं. यात तुमचे चार दिवस जातात, आमचेही जातात, म्हणून शेवटी हे लिहून काढलं.

गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात ना, मशीनमध्ये तेच होतं. छोट्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर नसतो, साधारण 4 सेंटिमीटरची एक चौकोनी चपटी चिप असते, तिच्यातनं करंट गेला की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. 1834 साली पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाने हे पहिल्यांदा दाखवलं म्हणून याला पेल्टिए मशीन म्हणतात. दमट हवा गार बाजूच्या फिन्सना, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांना, लागली की पाणी सुटून टाकीत पडतं, मग पंखा तीच हवा गरम बाजूवरनं बाहेर टाकतो. बाहेर येणारी हवा कोमट लागते ती म्हणूनच, तो बिघाड नाही, आणि खोली गार करायला हे मशीन नाहीच.

आता मुख्य चूक. खिडकी उघडी ठेवून मशीन लावणं.

10 बाय 10 ची खोली, उंचीही 10 फूट, तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के धरा. या खोलीच्या हवेत जवळपास पाऊण लिटर पाणी असतं, ते 50 टक्क्यांवर आणायला त्यातलं पाव लिटर काढावं लागेल. छोटं मशीन अशा दमट हवेत दिवसाला साधारण तेवढंच काढतं, म्हणजे तासाला जेमतेम 10-12 मिली. पण खिडकी थोडी जरी उघडी असली आणि तासाला खोलीतली निम्मी हवा बदलली तर बाहेरनं दर तासाला शंभर मिलीच्या वर जास्तीचं पाणी आत येतं, मग मशीन बिचारं रात्रंदिवस चाललं तरी आर्द्रतेच्या मीटरवरचा आकडा हलत नाही. खिडकी बंद असली तरी गाद्या, भिंती, कपडे ओल सोडत राहतात, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस धीर धरा. आणि त्याच खोलीत धुतलेले कपडे वाळत घालू नका, वॉशिंग मशीनमधनं पिळून निघालेल्या एका घाण्यातही दीड-दोन लिटर पाणी असतं, म्हणजे आपल्या मशीनचं आठवडाभराचं काम.

म्हणून तर आम्ही विकताना खोलीचं माप विचारतो, काहींना ती उगाच चौकशी वाटते. कपाट, पुस्तकांची रॅक असलेली छोटी खोली, कॅमेऱ्याचं सामान, चपलांची बंद जागा यासाठी छोटं मशीन उत्तम, आवाज नाही, वीजही कमी. हॉलसाठी मात्र कॉम्प्रेसरवालंच लागतं, ते दिवसाला 10 लिटर किंवा जास्तही काढतं, पण जड आहे, आवाज करतं आणि महागही पडतं. तेही आमच्याकडे आहे, पण एका कपाटासाठी ते घ्या असं आम्ही कुणाला सांगणार नाही.

फोन करायच्या आधी एवढं करा. सगळ्यात छोट्या खोलीत एक ओला टॉवेल टांगा, दारं-खिडक्या बंद करा, मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवून 12 तास चालू द्या. टाकीत पाणी दिसलं की मशीन ठीक आहे. थंडीत, 15 अंशांच्या खाली, पाणी खूप कमी येणारच कारण तेव्हा हवेतच कमी असतं, अशा वेळी ही टेस्ट करू नका.

टाकी धुताना आतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, निघतो आणि लोक तो उलटा बसवतात. त्यात लोहचुंबक असतं, उलटा बसला की मशीनला टाकी भरली असं वाटून ते बंद पडतं, किंवा खरंच भरली तरी थांबत नाही आणि पाणी जमिनीवर येतं. मागची जाळी महिन्यातनं एकदा मऊ ब्रशने झाडा, धुळीने गरम बाजू तापली की गार बाजू हवी तेवढी गार होत नाही. टाकीतलं पाणी पिऊ नका, लादी पुसायला चालेल.

एवढं करूनही टाकी कोरडीच राहिली तर मशीन जरूर आणा, टाकी, फ्लोट आणि ॲडॉप्टरसकट आणा, नुसतं मशीन आणलं तर आम्हाला तपासता येत नाही आणि तुमची एक चक्कर वाया जाते.